वाचकांचे प्रश्न : ॲटलसच्या डोंगरात वाट कशी राखावी?

मोरोक्कोतील ॲटलस पर्वतात मोटारसायकलने कच्च्या वाटांवरून भटकण्याचे वेड आता कोल्हापुरातही पोहोचले असावे, असे या महिन्यात आलेल्या पत्रांवरून दिसते. लडाख आणि स्पिती करून आलेली मंडळी पुढची मोहीम शोधत आहेत. त्यांनी कोणती गाडी घ्यावी यापेक्षा वाट कशी शोधावी हेच अधिक विचारले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि थोडी संक्षिप्त करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोला जाण्याचा बेत करीत आहोत. माराकेशला मोटारसायकली भाड्याने घेऊन अझिलाल, इमिलशिल, टिंघीर या मार्गाने मेर्झूगाच्या वाळूपर्यंत जायचे आहे आणि शक्य तितके अंतर डांबरी रस्ता सोडून कापायचे आहे. वाटाड्या घेणार नाही. लडाखला आम्ही मोबाइलमधील नकाशावरच सगळा प्रवास केला होता. तेवढ्यावर तेथेही भागेल का? (राजारामपुरीतील एक वाचक)

उत्तर : डांबरी रस्त्यावर राहिलात तर भागेल, आपण म्हणता त्या वाटांवर भागणार नाही. लडाखमध्ये एखाद्या खोऱ्यातून जाणारा रस्ता बहुधा एकच असतो, त्यामुळे पुढचे गाव किती लांब आहे एवढे सांगितले की नकाशाचे काम संपते. ॲटलसमध्ये मात्र वाटांचा सुकाळ हीच अडचण आहे. मेंढपाळांच्या वाटा, खेचरांच्या वाटा, खाणींकडे जाणाऱ्या ट्रकच्या वाटा आणि पुराने जुना रस्ता वाहून गेल्यावर गावकऱ्यांनी शेजारून पाडलेल्या नव्या वाटा एकमेकींत अशा मिसळतात, की तिठ्यावर उभे राहिल्यावर तिन्ही फाटे सारखेच वापरातले दिसतात. मोबाइलमधील नकाशा यांपैकी एखादाच फाटा दाखवतो, आणि तो कोणत्या वर्षीचा आहे हे सांगत नाही. मोटारींसाठी केलेल्या प्रणालीला ‘जवळचा मार्ग’ विचारला, तर ती निःशंकपणे खेचराच्या पायवाटेवरही नेऊन सोडते.

त्यामुळे तयारीचा पहिला भाग घरी बसून करायचा आहे. आधी जाऊन आलेल्यांनी नोंदवलेल्या जीपीएक्स फाइली, म्हणजे ते गेले त्या मार्गाच्या बिंदूंची नोंद, सहज मिळतात. पण फाइल कोणत्या वर्षी आणि कोणत्या महिन्यात नोंदवली आहे, ते पाहिल्याशिवाय ती वापरू नये. ८ सप्टेंबर २०२३ रोजी माराकेशच्या दक्षिणेस अल हाऊझ प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या बाजूच्या डोंगरातले अनेक रस्ते दरडींखाली गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲटलसच्या दक्षिणेकडील कोरड्या मुलखात अतिवृष्टी होऊन टाटासारख्या प्रांतांत पुराने माणसे दगावली. अशा प्रत्येक घटनेनंतर नदीपात्रातून जाणाऱ्या वाटा बदलतात. उलट, एके काळी कच्च्या म्हणून गाजलेल्या कित्येक वाटांवर आता डांबर पडले आहे. दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली एकावर एक ठेवून पाहाव्यात. त्या जेथे एकमेकींवर बसतात तेथे वाट पक्की समजावी आणि जेथे फाकतात ती ठिकाणे वहीत टिपून ठेवावीत, कारण प्रत्यक्षात थांबून विचार करण्याची वेळ तेथेच येणार आहे.

आता मोबाइलविषयी. मोबाइल नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते, कारण उपग्रहांचे संकेत थेट हँडसेटमध्ये येतात. नेटवर्क असेल तर स्थान पटकन सापडते, एवढाच फरक आहे. नकाशा मात्र आधी उतरवून घ्यावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशाच्या आधारावर चालणारी आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाखवणारी ॲप्स यासाठी चांगली. हँडलवर लावलेला फोन दुपारच्या उन्हात तापून बंद पडतो, हा अनुभव अनेकांना येतो. शिवाय मोटारसायकलच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. म्हणून हँडलवर जुना फोन किंवा स्वतंत्र जीपीएस यंत्र असावे आणि चांगला फोन, तोच सर्व नकाशा भरून, अंगावरच्या खिशात असावा.

अक्षांश-रेखांश भरताना आपल्याकडील लोक हमखास दोन ठिकाणी फसतात. कोल्हापूर ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारे ७४ अंशांवर आहे, त्यामुळे रेखांशामागे उणे चिन्ह लावण्याची सवय आपल्या बोटांना नसते. मोरोक्को ग्रिनिचच्या पश्चिमेस आहे. माराकेश सुमारे ३१.६ अंश उत्तर आणि ८ अंश पश्चिम येथे येते. उणे चिन्ह राहिले तर बिंदू थेट अल्जीरियात जाऊन पडतो. ही चूक इतकी मोठी असते की ती लगेच दिसते. दुसरी चूक दिसत नाही आणि म्हणून अधिक घातक ठरते. ३१ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांशात ३१.५, ते कोणी ३१.३० असे भरले, तर बिंदू सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि तेथेही डोंगर, घळ आणि वाट असल्यामुळे नकाशाकडे पाहून काही शंका येत नाही.

प्रत्यक्ष वाटेवर एकच शिस्त पाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. खात्रीचा शेवटचा बिंदू कोणता, हे प्रत्येक क्षणी माहीत असले पाहिजे. विहीर, मशिदीचा मनोरा, पूल, नाव लिहिलेली पाटी, असे ज्याबद्दल शंकाच नाही असे ठिकाण आले की ट्रिपमीटर, म्हणजे टप्प्याचे अंतर मोजणारा मीटर, शून्य करावा आणि पुढच्या टप्प्याच्या तीन गोष्टी मनात ठेवाव्यात: अंतर किती, दिशा कोणती आणि जमीन कशी असणार. उदाहरणार्थ, पुढचा फाटा ४.२ किलोमीटरवर, दिशा आग्नेय, सगळा चढ आणि कोरडे पात्र डाव्या हाताला. किलोमीटरभर गेल्यावर या तिन्ही पडताळून पाहाव्यात. एक जुळली नाही तर वेग कमी करून पुढे जावे, दोन जुळल्या नाहीत तर थांबून आल्या चाकोरीने खात्रीच्या बिंदूपर्यंत परतावे. या वेळी दीड किलोमीटर मागे जावे लागते, ते जिवावर येते आणि ‘पुढे कुठेतरी लागेलच’ असे गटातला कोणीतरी म्हणतो. आणखी सहा किलोमीटर गेल्यावर परतणे सहापट जिवावर येते, आणि तोवर मधल्या दोन फाट्यांवर आपण कोणती बाजू घेतली हेही आठवेनासे झालेले असते. दरीपलीकडच्या डोंगरावर आपला रस्ता स्पष्ट दिसत असला तरी आडवे घुसू नये. सरळ रेषेत दोन किलोमीटर दिसणाऱ्या त्या अंतरात, काठावर पोहोचेपर्यंत न दिसणारी घळ असते. समोच्च रेषा खेटून आलेल्या असतील तर नकाशा तेच सांगत असतो.

दिशेबाबत एक बारीक गोष्ट. जीपीएस यंत्र आपल्या हालचालीवरून दिशा काढते, त्यामुळे फाट्यावर गाडी उभी केली की पडद्यावरचा बाण स्वतःभोवती फिरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला दिशा हवी असते. अशा वेळी साधे होकायंत्र काढावे, गाडीच्या लोखंडापासून चार-पाच पावले दूर जावे आणि मग पाहावे. फोन चुंबकाच्या पकडीवर बसवला असेल तर त्यातील होकायंत्रावर भरवसा ठेवू नये. टोड्रासारख्या घळीत, जेथे दोन्ही बाजूंचे कडे ३०० मीटरच्या घरात चढतात आणि अगदी अरुंद ठिकाणी मधले अंतर दहा मीटरच उरते, तेथे आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते. थोडेच उपग्रह सापडतात आणि त्यांचे संकेतही कड्यांवर आपटून येतात. यंत्र आपल्याला पात्राच्या भलत्याच काठावर दाखवू लागले, तर तेथे यंत्रापेक्षा डोळ्यांचे ऐकावे.

आपण चौघे आहात, तेव्हा एकानेच मार्ग ठरवावा आणि दुसऱ्याने वेगळ्या यंत्रावर तो स्वतंत्रपणे तपासावा. उरलेल्या दोघांनी फाट्यावर मत देऊ नये. कोल्हापूरकरांना हे अवघड जाईल, पण चौघांची बैठक भरली की ऊन डोक्यावर येते. प्रत्येक वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे, एवढा नियम पाळला तरी माणसे विखुरत नाहीत. पेट्रोलचा हिशेब पुढच्या गावापर्यंतचा न करता, पुढची वाट बंद निघाली तर परत येण्याइतका करावा. कच्च्या चढावर गाडीची नेहमीची सरासरी निदान एक तृतीयांशाने कमी धरलेली बरी. पंप मोठ्या गावांतच असतात. लहान गावांत दुकानातून बाटलीने पेट्रोल मिळते, पण त्याच्या भरवशावर आखणी करू नये. ऑक्टोबरचा मध्य ऋतू म्हणून चांगला आहे. सूर्यास्त सातच्या सुमारास असला तरी दरीत अंधार लवकर उतरतो, आणि इमिलशिल सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथे रात्री चांगलीच थंडी असते. दुपारी चारनंतर नव्या कच्च्या टप्प्याला हात घालू नये. वरच्या डोंगरात ढग दिसत असतील तर खालच्या कोरड्या पात्रात थांबून जेवायलाही बसू नये.

मेर्झूगाच्या बाजूला आणखी एक काळजी घ्यावी. अल्जीरियाची सीमा तेथून जवळ आहे आणि ती १९९४ पासून बंद आहे. वाळूत चाकोऱ्या पूर्वेकडे जाताना दिसल्या तरी त्यांच्यामागे जाऊ नये; त्या लष्करी वाहनांच्या असू शकतात.

प्रश्न : डकार शर्यतीत स्वारांच्या हँडलवर कागदाची गुंडाळी फिरताना दिसते. ती काय असते आणि हौशी माणसाला ती वापरता येईल का? माझे लेथचे काम आहे, त्यामुळे बनवायची झाल्यास अडचण नाही. (उद्यमनगरातील एक वाचक)

उत्तर : त्या गुंडाळीला रोडबुक म्हणतात. ॲटलसला जाणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा ते स्वतः लिहून पाहावे, असे मला वाटते. १९७७ मध्ये अबिजान-नीस शर्यतीत वाळवंटात वाट चुकलेल्या तिएरी साबीन यांनी पुढे डकार शर्यत सुरू केली आणि २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली तुकडी निघाली. २००७ पर्यंत ती आफ्रिकेत झाली, नंतर दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात होते. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हे ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०२४ मध्ये केरळच्या हरित नोआ यांनी त्यांचा वर्ग जिंकला, तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. शर्यतीतले जीपीएस यंत्र वाट दाखवत नाही. नेमून दिलेल्या बिंदूच्या ठरावीक अंतरात आल्यावरच ते जागे होते आणि बिंदू चुकला तर दंड बसतो. तोपर्यंतची सगळी भिस्त रोडबुकवर असते. आता आघाडीच्या शर्यतींत कागदाची जागा टॅबलेटने घेतली आहे. मांडणी तीच आहे.

रोडबुकची प्रत्येक ओळ तीन घरांची असते. पहिल्या घरात आरंभापासूनचे एकूण अंतर आणि मागच्या खुणेपासूनचे अंतर. मधल्या घरात फाट्याचे छोटे रेखाचित्र, ज्यात खालचा ठिपका म्हणजे आपण आलो ती बाजू आणि बाण म्हणजे जायची बाजू. तिसऱ्या घरात टीप आणि गरज असेल तेथे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेली दिशा अंशांत. धोक्यासाठी उद्गारचिन्हे असतात, आणि तीन दिसली की सपाट वाटणाऱ्या जागीही गाडी जवळजवळ थांबवायची. दिशेचा अंश किती महत्त्वाचा, याचा हिशेब सोपा आहे. मोकळ्या मैदानात पाच अंशांनी चुकत दहा किलोमीटर गेलात, तर आपण खुणेपासून सुमारे नऊशे मीटर बाजूला निघता. डोंगरात तेवढ्या अंतरात दुसरे खोरे सुरू होते.

आपण यंत्रकाम करणारे आहात म्हणून ट्रिपमीटरविषयी थोडे अधिक लिहितो. तो चाकाचे फेरे मोजतो आणि फेऱ्याला घेराने गुणतो. ९०/९०-२१ मापाच्या पुढच्या टायरचा घेर सुमारे २.१८ मीटर असतो. खडकाळ वाटांवर टायरचे गठ्ठे पाच मिलिमीटर झिजले, की घेर सुमारे ३ सेंटिमीटरने घटतो, म्हणजे जवळजवळ दीड टक्का. पन्नास किलोमीटरला ही चूक पाऊण किलोमीटरच्या आसपास जाते. टायरमधील हवा कमी केली तरी असाच फरक पडतो. म्हणून महामार्गावर कागलच्या दिशेला किलोमीटरचे दगड शाबूत असलेला दहा किलोमीटरचा पट्टा निवडून मीटर तपासावा आणि चुकीचे प्रमाण टाकीवर लिहून ठेवावे. प्रत्येक पक्क्या खुणेवर मीटर शून्य केला तर ही चूक साचत नाही, हे वेगळे सांगायला नको. गुंडाळीच्या पेटीसाठी ॲल्युमिनियमचे दोन रूळ, बाजूला अंगठ्याने फिरणारी मूठ आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण एवढे पुरते. मूठ हातमोजा घालून फिरली पाहिजे. रूळांना थोडे घर्षण ठेवावे, नाहीतर दणक्यांनी कागद आपोआप सरकतो आणि भलतीच ओळ समोर येते.

प्रश्न : सरावासाठी मसाई पठार कसे? (पन्हाळ्याजवळील एका वाचकाचे पत्र)

उत्तर : कृपा करून नको. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ते नसते तरी जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या वनस्पती एका चाकोरीने वर्षानुवर्षांसाठी उखडतात. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाचाही विचार करू नये.

सरावाला पाणंदी उत्तम. करवीर तालुक्याच्या पश्चिमेला सांगरूळ, कोगे या बाजूला पावसाळ्याच्या अखेरीस ऊस डोक्यावर गेलेला असतो. पाणंदीत शिरले की दोन्ही बाजूंना पाल्याच्या भिंती उभ्या राहतात, जोतिबाचा डोंगर दिसत नाही, सूर्य ढगात असेल तर पूर्व-पश्चिमही कळत नाही. अंतर आणि दिशा यांवरच विसंबायला शिकवणारी याहून चांगली जागा मला माहीत नाही. एकाने सकाळी पायी किंवा सावकाश गाडीवर जाऊन वीसेक ओळींचे रोडबुक लिहावे: विहिरीचा पंप, विजेचा खांब, वळणावरची आंब्याची बाग, दोन चाकोऱ्या फुटतात ती जागा. दुसऱ्याने त्यावरून जावे. त्याचा फोन खिशात बंद पडद्याने मार्ग नोंदवीत असावा. संध्याकाळी दोन्ही मार्ग एकत्र पाहिले की लिहिणाऱ्याने कोठे ढिलाई केली आणि वाचणाऱ्याने कोठे घाई केली, ते लगेच कळते. वाटेत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा लागला आणि त्यावरून पाणी वाहत असेल, तर परतायचा निर्णय घ्यावा. तोही सरावाचाच भाग आहे. पाणंद ही शेतकऱ्यांची वहिवाट आहे. चिखलात चाकोरी खोल करू नये आणि गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आड येऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा अशा प्रवासाला जाणार आहे. डोंगरात रेंज नसते म्हणे. त्याच्याबरोबर सॅटेलाइट फोन द्यावा का? (शाहूपुरीतील एक माता)

उत्तर : ताई, येथून देऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर अशा यंत्रांवरून प्रवाशांना अटक झाल्याची उदाहरणे आहेत. हवेच असेल तर ते परदेशातच भाड्याने घेऊन तेथेच परत करण्याची सोय मुलाला पाहायला सांगा, आणि मोरोक्कोतील नियम गाड्या भाड्याने देणाऱ्यांकडून आधी लेखी विचारून घ्या. माराकेशला उतरल्यावर स्थानिक सिम कार्ड घेतले, तर गावांजवळ संपर्क बराच मिळतो.

आपली काळजी कमी होईल असा उपाय घरातच आहे. रोजचा मार्ग, मुक्कामाचे गाव आणि पोहोचण्याची वेळ त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि रमजानच्या महिन्यात साडेपाच. तो रात्री आठला मुक्कामी पोहोचून फोन करणार असेल, तर आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतील, हे धरून चला. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा आणि प्रथम कोणाला फोन करायचा, हे त्यानेच ठरवून द्यावे. ग्रामीण भागातील सुरक्षा जांदार्मरी या दलाकडे असते आणि मोरोक्कोच्या आत त्यांचा क्रमांक १७७ आहे. प्रवासविमा घेताना मोटारसायकल चालवणे आणि कच्च्या वाटा या दोन्ही गोष्टी त्यात धरल्या आहेत का, ते पॉलिसीत शब्दशः वाचून पाहा. पुष्कळ पॉलिसी नेमके हेच वगळतात.

प्रश्न : तेथे वाट विचारायची तर भाषा कोणती? (गारगोटीतील एक वाचक)

उत्तर : डोंगरात अमाझिग बोलली जाते, बाजारात मोरोक्कन अरबी आणि शिकलेल्यांत फ्रेंच. गावांची नावे नीट उच्चारता आली तरी काम होते, फक्त प्रश्न कसा विचारायचा हे सांभाळावे. ‘ही वाट इमिलशिलला जाते ना?’ असे विचारले तर सौजन्यापोटी होकार मिळतो; आपल्याकडे ‘हे काय, आलंच की’ म्हणत पाच किलोमीटर चालवतात, त्यातलाच प्रकार. हात पुढे करून ‘ही कोठे जाते?’ असे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याला गावाचे नाव स्वतः घेऊ द्यावे. वाट माणसाला आणि खेचराला पुरेशी आहे की मोटारीलाही, हेही विचारावे. नकाशावर ‘तिझी’ दिसले तर ती खिंड आणि ‘ओएद’ म्हणजे पावसात पाणी येणारे पात्र, एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या चढ-उताराचा अंदाज येतो.

प्रश्न : परवाना, व्हिसा आणि ड्रोन यांचे काय? (अनेक वाचक)

उत्तर : आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो, तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना बरोबर ठेवावाच लागतो, मूळ परवान्यावर मोटारसायकलची नोंद आहे ना, हे आधी पाहावे. भारतीयांना व्हिसा लागतो. अर्ज करण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावरील अटी वाचाव्यात. ड्रोन नेऊ नये. पूर्वपरवानगीशिवाय तो देशात आणण्यास मनाई आहे आणि सीमाशुल्क अधिकारी विमानतळावरच काढून घेतात. हेल्मेटवरचा कॅमेरा चालतो. पोलीस चौकी किंवा लष्करी ठाणे जवळ आले की तेवढा बंद करावा.